कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घरोघरी सक्तीचा करावा का? खर्च कुणी सोसायचा?

बारदेशातली एक पंच

नमस्कार. येत्या रविवारी गोव्यातल्या आमच्या गावची ग्रामसभा आहे. प्रत्येक घरात हा विषारी वायू ओळखणारा अलार्म सक्तीचा करा, असा ठराव सरकारला पाठवायची मागणी आली आहे. आमच्याच वाड्यावर भाड्याने राहणारी एक मुलगी जुलैत न्हाणीघरात कोसळली. गॅस गिझर आतच, दाराच्या वर. झडीचा पाऊस आत येतो म्हणून खिडकीच्या काचपट्ट्या बंद आणि फटींत वर्तमानपत्राचे बोळे. मैत्रिणीने दार फोडलं तेव्हा वरून पाणी पडतच होतं. पोर वाचली. ते ओले बोळे दुसऱ्या दिवशी मी माझ्या हाताने उपसून काढले. तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

पण हिशेब करायला बसले की हात थांबतो. गावात १,२०० घरं. एक अलार्म २,००० रुपयांचा धरला तर २४ लाख झाले. आतला सेन्सर सात ते दहा वर्षांत संपतो, मग पुन्हा तेवढेच. माझ्या सासूबाई अजून भाणात, म्हणजे मोठ्या हंड्यात, पाणी तापवतात, नारळाची सोडणं आणि सुकी चुडतं (झावळ्या) जाळून. धूर कौलांतून निघून जातो. त्यांना २,००० रुपये खर्च करा म्हणून कुठल्या तोंडाने सांगू? आणि बसवला की नाही हे बघणार कोण? पंचायतीत कारकून एकच.

डिचोलीचा फिटर

पंचताई, बावीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून सांगतो. अलार्म वाफेत बसवायचा नसतो, सेन्सर खराब होतो. म्हणजे तो लागणार न्हाणीच्या बाहेर, आणि माणूस आत दार लावून, नळ सोडून. आधी गिझर बाहेर काढा. लहान खोलीतली हवा ज्योत खाऊन टाकते. हवा अपुरी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बाहेरच्या भिंतीवर, पावसाला आडोसा करून गिझर लावायचा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत घ्यायचा. अर्ध्या दिवसाचं काम. माझ्याकडे दीड-दोन हजारांत होतं, म्हणजे अलार्मच्याच पैशांत.

आणखी एक. दुकानात ‘गॅसचा अलार्म’ मागितला तर बऱ्याचदा एलपीजीचा हातात देतात. तो वेगळा. एलपीजीला मुद्दाम वास घातलेला असतो, कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही. खोक्यावर कार्बन मोनॉक्साइड लिहिलंय का, ते वाचूनच घ्या.

स्विंडनहून

मी मूळची पेडण्याची. आम्ही इथे भाड्याच्या घरात राहतो. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून गॅस बॉयलर किंवा तसं कायम बसवलेलं जळणाचं उपकरण ज्या खोलीत असेल, तिथे घरमालकाने अलार्म लावावाच लागतो. स्वयंपाकाचा गॅस मात्र त्यातून वगळलाय. भाडेकरू राहायला येतो त्या दिवशी मालकाने तो वाजवून बघायचा. सांगूनही लावला नाही तर कौन्सिल ५,००० पौंडांपर्यंत दंड करू शकते. खर्च मालकाचा. सरकारचा खर्च तपासण्याचा, आणि तोही बहुधा तक्रार आल्यावर.

म्हापसेकर

माझे दोन फ्लॅट भाड्याने आहेत. पैशांचं काही नाही, देईन. पण दरवर्षी दाखल्यासाठी पंचायतीच्या चकरा मारायला लावू नका. एकदा बघा, नोंद करा, संपवा.

बारदेशातली एक पंच

फिटरदादा, अलार्म बाहेर आणि मुलगी आत, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सगळ्या घरांची मागणी मी मागे घ्यायला सांगणार आहे. आमच्याकडे भाड्याची घरं दोनशेच्या आसपास. दिवसाला दहा बघितली तरी वीस दिवसांत होतील, घरपट्टीच्या फेरीतच. गिझर आत दिसला तर मालकाने तो महिन्याभरात बाहेर काढायचा. भिंत बाहेर उघडत नसेल तर विजेचा बसवायचा. अलार्म फक्त घरात दुसरं काही जळत असेल तिथे, उदाहरणार्थ वीज गेल्यावर व्हरांड्यात जनरेटर लावणारे. भाडं १२,००० असेल तर २,००० म्हणजे पाच दिवसांचं भाडं. तेवढं मालकाने द्यावं, याबाबत माझ्या मनात शंका नाही.

दादा, रविवारी सकाळी दहाला याल का? आडोसा कसा करायचा ते लोकांना तुम्हीच दाखवा. येण्याजाण्याचा खर्च मी देते.

डिचोलीचा फिटर

येतो. खर्च नको. एक जुना गिझर घेऊन येतो, ज्योत पिवळी झाली की काय समजायचं तेही दाखवतो.