मदत हवी आहे : लग्नपत्रिकेतला वळणदार इंग्रजी फॉण्ट मराठी नावांशेजारी बसत नाही

मंडळी, दारव्ह्याकडे माझं छोटं डीटीपीचं दुकान आहे. तुळशीचं लग्न आटोपलं की आम्हाला जेवायलाही फुरसत नसते. परवा एक काका पुण्याची पत्रिका घेऊन आले, "अशीच पाह्यजे." नावं त्या इंग्रजी तिरक्या, झोकदार फॉण्टमध्ये. ग्रेट व्हाइब्स फुकट मिळतो, तोच टाकला.

मराठी टाइप केलं की मात्र संगणक भलताच फॉण्ट लावतो, कारण ह्यात देवनागरी नाहीच. मग श्रीलिपी ह्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधली अक्षरं कोरल ह्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये तिरपी केली. वाऱ्यानं तूर लोळावी तसे सगळे काने लोळले! त्यात काकांना गावाचं नाव, पत्ता, 'आपले विनीत' सगळं त्याच वळणात हवं, इंग्रजी बाजूला तर सगळी कॅपिटल अक्षरं. सोनेरी शाईत स्क्रीन प्रिंटिंगचा नमुना काढला, तर बारीक रेषा तुटल्या. काय करू?

प्रतिसाद १ :
भाऊ, तिरपं करणं सोडा. हे वळण इंग्रज लेखनगुरूंच्या टोकदार निबेचं : खाली येताना दाब, म्हणून जाड; वर जाताना हलका हात, म्हणून केसासारखी रेघ. मॅथ्यू कार्टरनं १९६०च्या दशकात केलेला स्नेल राउंडहँड तर चार्ल्स स्नेल नावाच्या अशाच एका गुरूच्या अक्षरावर बेतलाय. आपली अक्षरं बोरूची. बोरूचं टोक तिरकं कापलेलं, जाड-बारीक त्या कोनातून येतं. शिवाय त्यांची अक्षरं खालच्या शेपटीनं जुळतात, आपली वर शिरोरेषेनं. ओढून जुळवलं तर दोन्हीकडचं बिघडतं.

कॅपिटल अक्षरं ह्या फॉण्टमध्ये शब्दाच्या सुरुवातीला एकेकटी यायला केलेली असतात. ओळीनं लावली की नुसती वेलींची जाळी, पोस्टमनलाही वाचता यायची नाही. अक्षरांमधली जागाही वाढवू नका, जोड उघडे पडतात.

प्रतिसाद २ :
हाव, वळण फक्त दोन नावांना, तेही मोठ्या आकारात. तारीख, पत्ता, नातेवाइकांची फौज साध्या उभ्या अक्षरात. मराठी नावांसाठी गूगल फॉण्ट्सवरचे अमिता नाहीतर तिल्लाना पाहा, दोन्हींत देवनागरी आणि रोमन आहे. कलम नावाचा फॉण्ट नको, तो वहीतल्या अक्षरासारखा दिसतो. सोनेरी शाईला गुळगुळीत कागद घ्या, रेघेला कोरलमध्ये किंचित आउटलाइन द्या. आणि प्रेसला फाइल कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचे चित्रासारखे आकार करूनच धाडा बाप्पा.

धागाकर्ता :
आभारी आहे. अमितातलं प्रूफ दाखवलं, नावं पटली काकांना. पत्त्याचा हट्टही सोडला, गाडी चुकून पाहुणे दुसऱ्याच गावी जातील म्हटल्यावर. आता म्हणतात, 'सुस्वागतम्' तरी झोकदार ठेवा. त्यातला पाय मोडलेला म् अमितात लहान आकारात नीट उठतो का? कोणी छापून पाहिला असेल तर सांगा, उद्या सकाळी छपाईला द्यायचं आहे.