न्यूमोनियावरच्या तोंडी प्रतिजैविकाची चाचणी: निकाल कधी मोजायचा, रुग्ण किती घ्यायचे?

सूक्ष्मदर्शी: हॉस्पिटलबाहेर लागण झालेल्या जिवाणूजन्य न्यूमोनियावर नव्या गोळीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी आखायची आहे. नवी गोळी ५ दिवस, तुलनेला मॉक्सिफ्लॉक्सासिन हे प्रचलित प्रतिजैविक, ४०० मिग्रॅ रोज एकदा, ७ दिवस. मुख्य निकाल तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोजावा की उपचार संपल्यावर? आणि नवी गोळी तुलनेच्या औषधापेक्षा जास्तीत जास्त १० टक्क्यांनी कमी पडली तरी चालेल, अशी मर्यादा धरली तर रुग्ण किती लागतील?

बेडका_तपासनीस: दोन्ही वेळा मोजा. एफडीएला (अमेरिकेची औषध नियामक संस्था) पहिल्या डोसनंतर ७२ ते १२० तासांतला प्रतिसाद लागतो: खोकला, बेडका, छातीत दुखणं, धाप या चारपैकी किमान दोन लक्षणांत सुधारणा, आणि एकही वाढलेलं नको. युरोपात उपचार संपल्यानंतर ५ ते १० दिवसांनी बरा झाला का, हे पाहतात. लवकर मोजण्याचं कारण पक्कं आहे. पुढे बरेच रुग्ण आपोआपच सुधारतात, आणि कमकुवत औषधही चांगल्याच्या बरोबरीचं दिसतं. लेफाम्युलिन या प्रतिजैविकाच्या गोळीची चाचणी याच धर्तीवर झाली: ५ दिवस विरुद्ध मॉक्सिफ्लॉक्सासिन ७ दिवस, ७३८ रुग्ण, लवकरचा प्रतिसाद दोन्हीकडे ९०.८ टक्के.

आकडेमोड: दोन्ही गटांत ८० टक्के प्रतिसाद, एकतर्फी २.५ टक्के चूक (कमी पडणारी गोळी चुकून पास होण्याची शक्यता) आणि ९० टक्के पॉवर (चांगली गोळी पास होण्याची शक्यता) धरा. १० टक्के मर्यादेला प्रत्येक गटात ३३७ मूल्यमापनयोग्य रुग्ण लागतात, एफडीएच्या १२.५ टक्क्यांना २१६ पुरतात. मधेच सोडून जाणाऱ्यांची गळती वेगळी धरा. प्रतिसाद खरोखर ७० टक्केच निघाला तर १० टक्क्यांचा आकडा ४४२ वर जातो, म्हणून गृहीतक आशावादी ठेवू नका.

श्वासमार्ग: आकडे बरोबर असूनही चाचणी फसते ती रुग्ण निवडताना. अगदी सौम्य रुग्ण (न्यूमोनियाची तीव्रता ठरवणाऱ्या पोर्ट गुणांकनात वर्ग १) नकोत, कारण ते कशानेही बरे होतात. एक्स-रेत नवा डाग हवाच. आधी २४ तासांपेक्षा जास्त परिणामकारक प्रतिजैविक घेतलेला रुग्ण घेऊ नका, नाहीतर श्रेय त्या औषधाचं आणि नाव तुमच्या गोळीचं.

बेडक्याचा नमुना औषधाआधी घ्या. सूक्ष्मदर्शकाच्या कमी पॉवरच्या एका क्षेत्रात २५ पेक्षा जास्त पांढऱ्या पेशी आणि १० पेक्षा कमी स्क्वॅमस (तोंडाच्या अस्तरातल्या) पेशी असतील तरच तो चांगला. लाळच आली असेल तर पुन्हा मागा. जोडीला लघवीतली न्यूमोकोकस (न्यूमोनियाचा नेहमीचा जिवाणू) अँटीजेन चाचणी आणि विषाणूंसाठी पीसीआर (जनुकीय चाचणी). नुसता विषाणू असलेले रुग्ण दोन्ही गटांत भरले, की फरक पुसला जातो.

डबल-डमीत (प्रत्येकाला एक खरं औषध आणि दुसऱ्याची डमी, म्हणजे औषध नसलेली हुबेहूब गोळी) दोन्ही गटांना ७ दिवस दोन्ही प्रकारच्या गोळ्या द्या. ५ दिवसांच्या औषधामागून २ दिवस डमी. नवी गोळी रिकाम्या पोटी घ्यायची असेल तर तिची डमीही तशीच, नाहीतर कोण कुठल्या गटात ते लगेच कळतं. मॉक्सिफ्लॉक्सासिन मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, लोह आणि झिंकशी बांधलं जातं, म्हणून अँटासिडच्या ४ तास आधी किंवा ८ तासांनंतर. हा नियम दोन्ही गटांना सारखाच लावा. तो मोडला तर तुलनेचं औषध कमकुवत पडतं आणि तुमची गोळी खोटीच चांगली ठरते.