जर्मनीत घेतलेली जुनी व्हॅन लिस्बनपर्यंत चालवत न्यायची आहे, कोणी केलंय का?

डिचोलीकर_टॅक्सीवाला

नमस्कार मंडळी. माझी इकडे टुरिस्ट टॅक्सी आहे, पावसाळ्यात धंदा थंड असतो म्हणून जूनमध्ये मावसभावाकडे पोर्तुगालला जायचं चाललंय. तो लिस्बनच्या बाजूला आमादोराला असतो, केटरिंग करतो, आणि त्याला व्हॅन हवीय. तिकडे जुन्या गाड्यांचे भाव ऐकले तर डोकं फिरतं, दहा वर्षांची गाडीसुद्धा कोणी स्वस्तात सोडत नाही, म्हणून त्याने जर्मनीत कलोनजवळ एका डीलरकडे २०१६ ची फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टर बघून ठेवलीय, डिझेल, भावात चांगलाच फरक आहे. त्याचं म्हणणं तू फ्रँकफर्टला उतर, मी पण तिकडे येतो, दोघं आळीपाळीने चालवत घरी नेऊ. मला ऐकूनच हुरूप आला पण बायको म्हणते आधी चार माणसांना विचार, तिकडे पोलिसांनी थांबवलं तर कोण येणार सोडवायला.

तर मला कळत नाही ते असं की गाडी जर्मनीची, मालक पोर्तुगालचा, मधे बेल्जियम फ्रान्स स्पेन, मग नंबर प्लेट कुठली लावायची आणि इन्शुरन्स कोण देणार? माझं लायसन गोव्याचं, ते चालेल का? आणि पोर्तुगालात पोचल्यावर टॅक्स किती, कारण आपल्याकडे कोल्हापूरची गाडी आणली तरी एनओसी आणि रोड टॅक्समध्ये जीव जातो, तिकडे काय असेल देव जाणे. कोणाला अनुभव असेल तर सांगा, देव बरें करूं.

तेजोकाठचा_गोंयकार

दादा, प्लेट आणि लायसन नंतर. आधी भावाला विचार आयएसव्हीचा हिशेब केलास का. पोर्तुगालात गाडी पहिल्यांदा रजिस्टर होताना हा टॅक्स लागतो, बाहेरच्या देशातून आणलेल्या जुन्या गाडीलासुद्धा, आणि तू म्हणतोस ना तिकडे जुन्या गाड्या महाग, त्याचं निम्मं उत्तर यातच आहे. प्रवासी गाडीला एक भाग इंजिनच्या सीसीवर, दुसरा सीओटू किती सोडते त्यावर, आणि गाडी जितकी जुनी तितकी सूट. दोन लिटरचं डिझेल म्हणजे दोन्ही बाजूंनी मार. कस्टम्सच्या साईटवर सिम्युलेटर आहे, पहिल्या रजिस्ट्रेशनची तारीख, सीसी, सीओटू टाकलं की आकडा येतो. जर्मनीतला भाव अधिक हा आकडा अधिक डिझेल-टोल, आणि मग बघा फरक उरतो का. माझ्या ओळखीत दोघांनी हा हिशेब केला आणि गपचूप लिस्बनमधलीच गाडी घेतली, एकाने मात्र आणली आणि खूश आहे.

एक गोष्ट अजून. गाडीच्या कागदावर ती कुठल्या प्रकारात आहे ते बघायला सांग. पुढे तीन सीट आणि मागे नुसता माल असलेली व्हॅन, आणि मागे काचा-सीटवाली पाच किंवा नऊ सीटर, यांचा टॅक्स एकसारखा नसतो, फरक मोठा असतो. केटरिंगला मालाचीच व्हॅन हवी ना? मग सीटवाली घेऊन सीट काढून टाकू असला शहाणपणा करू नका, कागद जे बोलतो तोच टॅक्स.

आणि नेटवर जुने लेख वाचून हिशेब करू नका. पोर्तुगाल आधी जुन्या गाडीच्या सीओटूच्या भागाला वयाची नीट सूट देत नव्हतं, त्यावरून २०२१ मध्ये युरोपियन कोर्टाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला, त्यानंतर कोष्टकं बदललीत. त्यामुळे पाच वर्षांपूर्वीच्या व्हिडिओतला आकडा म्हणजे निव्वळ गोंधळ.

गाडी देशात आल्यापासून कामाच्या २० दिवसांत कस्टम्सला डीएव्ही नावाचं डिक्लरेशन भरायचं असतं. त्याआधी इन्स्पेक्शन, तेही कुठल्याही सेंटरवर नाही, आयात गाड्या बघायचा परवाना असलेल्या सेंटरवर, मग आयएमटी म्हणजे त्यांचं आरटीओ, मग टॅक्स, मग नंबर. कंपनीचं सीओसी, म्हणजे गाडी युरोपच्या नियमांत बसते असं सांगणारं सर्टिफिकेट, सोबत असेल तर अर्धी डोकेदुखी कमी होते, ते डीलरकडून आधीच मागा. धावपळ नको असेल तर देश्पाशांत म्हणून एजंट असतात, फी घेतात आणि फाईल फिरवतात.

फोंडा_गॅरेज

मी गाड्यांचा माणूस म्हणून सांगतो, दहा वर्षांची डिझेल न बघता घेऊन त्याच दिवशी सव्वादोन हजार किलोमीटर हाणायचे यात काय अक्कल आहे? टायमिंग बेल्ट कधी बदलला माहीत नाही, डीपीएफ म्हणजे धुराचा फिल्टर भरलाय की साफ केलाय माहीत नाही, आणि जर्मनीत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात त्याने खालून चेसिस खाल्लेली असते, वरून चकाचक. गाडी ट्रकवर टाकून पाठवणाऱ्या कंपन्या असतात तिकडे, थोडे पैसे जातील पण मधेच स्पेनमधे रविवारी दुपारी बंद पडली तर टोइंगला त्याच्या दुप्पट जातील. एवढं करूनही चालवत न्यायचीच असेल तर निदान लिफ्टवर चढवून खालून बघा, आणि गाडी थंड असताना स्टार्ट करायला सांगा. तुम्ही पोचायच्या आधीच डीलरने इंजिन गरम करून ठेवलं असेल तर मी तरी हात लावणार नाही.

ऱ्हाइनचो_पेडणेकर

फोंडेकरबाब बरोबर बोलतात पण इतकं घाबरायची पण गरज नाही. मी जर्मनीत राहतो, इकडून पोलंड, स्पेन, पोर्तुगालला रोज लोक गाड्या नेतात, व्यवस्था आहे त्यासाठी. प्लेटचं सांगतो कारण गोंधळ तिथेच होतो.

इकडे तात्पुरत्या प्लेट दोन प्रकारच्या. एकीच्या उजव्या कडेला पिवळी पट्टी असते, ती पाच दिवसांची. स्वस्त म्हणून बरेच डीलर तीच गळ्यात मारतात. ती जर्मनीत चालते, बाहेर सगळीकडे चालेलच असं नाही, आणि तुम्हाला तर मधे तीन देश. दुसरी एक्स्पोर्ट प्लेट, उजवीकडे लाल पट्टी, त्या पट्टीवर कुठल्या तारखेपर्यंत ते छापलेलं असतं. तुम्हाला ही हवी. हिच्यासाठी वेगळा एक्स्पोर्ट इन्शुरन्स घ्यावा लागतो, त्याचं ग्रीन कार्ड, म्हणजे बाहेरच्या देशांत चालणारा इन्शुरन्सचा कागद मिळतो, तोच सगळ्या देशांत दाखवायचा. ती पॉलिसी घेताना ड्रायव्हरच्या वयाची वगैरे काही अट आहे का, आणि दुसरा माणूस चालवणार असेल तर चालतं का, हे लेखी विचारा. प्लेटची मुदत ऐन टोकाची घेऊ नका, पोर्तुगालात नंबर मिळेपर्यंत वेळ जातो.

डीलर म्हणाला की माझीच प्लेट लावून जा, नंतर पोस्टाने पाठव, तर हात जोडा आणि निघा.

कागद दोन. एक छोटा घडीचा, रजिस्ट्रेशनचा पहिला भाग, आणि दुसरा भाग म्हणजे मालकीचा, जुने लोक त्याला ब्रीफ म्हणतात. दुसरा भाग ओरिजिनल हातात आल्याशिवाय एक युरो पण देऊ नका. गाडी लोनवर असेल तर तो कागद बँकेकडे असतो आणि मग डीलर सांगतो उद्या येईल परवा येईल. चेसिस नंबर विंडस्क्रीनखाली आणि दाराच्या चौकटीत असतो, तो कागदाशी अक्षर न अक्षर जुळवा. टेक्निकल इन्स्पेक्शन, इकडे सगळे ट्यूफच म्हणतात, ते चालू असायला हवं नाहीतर एक्स्पोर्ट प्लेट मिळायला अडचण. आणि ट्यूफचे जुने रिपोर्ट मागा, त्यावर दर वेळी किलोमीटर लिहिलेले असतात, मीटर मागे फिरवला असेल तर तिथेच पकडला जातो. बेल्जियममध्ये तर गाडी विकताना कार-पास नावाचा किलोमीटरचा कागद द्यावाच लागतो, इकडे तसं नाही म्हणून आपणच बघायचं.

मडगांव_ते_स्विंडन

कोणीतरी पुढे विचारेलच की इंग्लंडातून स्वस्त मिळते मग ती का नको, म्हणून आधीच सांगून ठेवतो. ब्रिटन २०२० मध्ये युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं आणि २०२१ पासून कस्टम्सच्या हिशेबातही बाहेर, त्यामुळे इकडची गाडी पोर्तुगालात नेली की कस्टम्स आणि व्हॅटचं लचांड मागे लागतं, वर स्टीअरिंग उजवीकडे. जर्मनीच्या गाडीला ते नाही. फक्त गाडी सहा महिन्यांपेक्षा कमी वयाची किंवा सहा हजार किलोमीटरपेक्षा कमी चाललेली असेल तर व्हॅटच्या हिशेबात ती नवीन धरतात आणि व्हॅट पोर्तुगालात भरावा लागतो, पण २०१६ च्या गाडीला त्याची काळजी नाही.

म्हापसा_बाजार

एवढी मेहनत करताय तर सरळ गोव्यातच आणा की, पणजीच्या पुलावर लेफ्ट हँड ट्रान्सपोर्टर, कॅसिनोवाले रांग लावतील 😄

फोंडा_गॅरेज

@म्हापसा_बाजार अरे बाबा आपल्याकडे जुनी गाडी आयात करायची तर तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टीअरिंग उजवीकडेच हवं, आणि ड्युटी बघितलीस तर गाडी तिकडेच दान करशील.

डिचोलीकर_टॅक्सीवाला

बापरे, एवढं सगळं सांगितलंत, सगळ्यांना धन्यवाद. भावाला रात्री फोन केला, आयएसव्हीचं त्याला ठाऊक होतं पण हिशेब केला नव्हता, डोळे झाकून किमतीवर खूश झालेला. फोटो पाठवलेत त्यात पुढे तीन सीट आहेत, मागे माल, खिडक्या नाहीत, म्हणजे बरं झालं बहुतेक. आता सिम्युलेटरवर बसवलाय त्याला. माझ्या लायसनचं आणि रस्त्याचं कोणी सांगेल का? मी आयुष्यात कधी उजव्या बाजूने चालवलेली नाही.

तेजोकाठचा_गोंयकार

लायसनचं सोपं आहे. आपल्या आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढ, एक हजार रुपये फी, एक वर्ष चालतं, पण ते एकटं चालत नाही, गोव्याचं ओरिजिनल कार्ड सोबत हवंच. व्हिसा पोर्तुगालचा काढ, जास्त दिवस जिथे राहणार त्या देशाचा काढायचा असतो, उतरायला फ्रँकफर्ट चालतं, पण इमिग्रेशनला विचारलं तर भावाचा पत्ता आणि पुढचा प्लॅन दाखवता आला पाहिजे.

रस्ता: कलोन, लिएज, पॅरिसच्या बाहेरून, बोर्दो, मग इरूनला स्पेन, बुर्गोस, सालामांका, आणि विलार फोर्मोझोला पोर्तुगाल. जर्मनी आणि बेल्जियममध्ये गाडीला टोल नाही. खरा टोल फ्रान्समध्ये. तिथे नाक्यावर नारिंगी रंगाचा टी लिहिलेली लेन असते, ती टॅगवाल्यांची, तिकडे घुसू नकोस, हिरवा बाण किंवा कार्डाचं चित्र असलेली घे. आणि व्हॅनची उंची बघ, दोन मीटरच्या आत असेल तर कारचा दर, वर गेली तर पुढचा वर्ग आणि टोल चांगलाच वाढतो. साधी ट्रान्सपोर्टर आत बसते, पण वर रॅक लावला असेल तर निघायच्या आधी काढून मागे टाका. स्पेनमध्ये इरून ते बुर्गोसच्या वाटेवरचा एपी-१ हायवेचा मोठा भाग २०१८ च्या शेवटी फुकट झाला. पोर्तुगालात शिरल्यावर ए-२५, त्याचा टोल २०२५ च्या जानेवारीपासून बंद. पुढे ए-१ ने लिस्बनला आलास तर तिकीटवाला टोल आहे. तिकडे मात्र वर्ग पुढच्या चाकावरच्या उंचीवरून ठरतो, १.१० मीटरची रेघ, त्यामुळे तीच व्हॅन फ्रान्समध्ये एका वर्गात आणि पोर्तुगालात दुसऱ्या वर्गात जाऊ शकते, वाद घालत बसू नकोस.

उजव्या बाजूचं म्हणशील तर हायवेवर अर्ध्या तासात सवय होते. गडबड होते पेट्रोल पंपावरून किंवा हॉटेलच्या गेटातून बाहेर पडताना, रस्ता रिकामा असला की हात आपोआप डाव्या बाजूला वळवतो. तेवढ्या वेळेला भावाने बाजूला बसून मोठ्याने "उजवी" म्हणायचं. फ्रान्समध्ये गावातून जाताना बोर्ड नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, छोट्या गल्लीतून आला तरी. हायवेवर १३०, पण पाऊस असेल तर ११०. आपल्याकडचा डिपर-हॉर्न विसर, हॉर्न वाजवलास तर लोक थांबून बघतील काय झालं म्हणून. अंगात घालायचं चमकणारं जॅकेट सीटजवळ ठेव, मागे डिकीत नको, कारण ते घालूनच गाडीतून उतरायचं असतं.

ऱ्हाइनचो_पेडणेकर

अजून एक, तिकीट बुक करायच्या आधी. इकडचं रजिस्ट्रेशन ऑफिस शनिवार-रविवार बंद आणि बऱ्याच ठिकाणी अपॉइंटमेंट लागते, काही दिवशी दुपारीच शटर. शुक्रवारी उतरलात तर सोमवारपर्यंत हॉटेलचं भाडं भरत बसाल. सोमवारी किंवा मंगळवारी उतरा. बरेच डीलर थोडे जास्त घेऊन एक्स्पोर्ट प्लेट तयार करून ठेवतात, भावाला म्हणावं मेलवर लिहून घे की प्लेट लाल पट्टीची, इन्शुरन्ससकट, आणि सीओसी सोबत. डिपॉझिट मागितलं तर थोडंच दे, बाकी रक्कम गाडी बघून त्याच वेळी इन्स्टंट ट्रान्सफर. आता युरोवाल्या देशांतल्या बँकांत दहा सेकंदात जातात आणि पाठवायच्या आधी खात्यावरचं नाव जुळतंय का तेही बँक दाखवते. नाव डीलरच्या कंपनीचं नसेल तर पैसे पाठवू नका.

फोंडा_गॅरेज

आणि ॲडब्लूची, म्हणजे डिझेलचा धूर साफ करायच्या द्रावणाची, टाकी भरलेली आहे का ते विचार, गाडीला ॲडब्लू लागत असेल तर. संपली आणि गाडी एकदा बंद केली की पुन्हा स्टार्ट होत नाही, मग फ्रान्समधे पार्किंगमधे बसा. ट्यूफची तारीख काय आहे भावाच्या व्हॅनची? फोटोत मागच्या प्लेटवरच्या गोल स्टिकरवर दिसेल, टाक इथे.