क्रूझवरील जेवण, ॲलर्जी आणि पथ्ये: सभासदांचा पत्रव्यवहार

विषय: क्रूझ सहल – अन्नाची ॲलर्जी असणाऱ्यांनी नाव नोंदवावे का?

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

मंडळाच्या क्रूझ सहलीचे पत्रक वाचले आणि घरातील सर्वांनाच या सहलीला यावेसे वाटते आहे. परंतु नाव नोंदवण्यापूर्वी जाणकारांचा सल्ला घ्यावा म्हणून हे पत्र लिहीत आहे. आमच्या मुलाला शेंगदाणे आणि काजू यांची तीव्र ॲलर्जी असून एपिनेफ्रिनचे (तीव्र ॲलर्जीवर तातडीने द्यायच्या औषधाचे) इंजेक्शन कायम जवळ ठेवण्याची सूचना डॉक्टरांनी दिलेली आहे. सासूबाईंना सीलिॲक विकार आहे, त्यामुळे ग्लूटेन हे प्रथिन असलेल्या गहू, जव आणि राय (इंग्रजीत rye) या धान्यांचा अंशही त्यांना चालत नाही. मी स्वतः शाकाहारी असून अंडेही खात नाही. जमिनीवर असताना एखाद्या हॉटेलात मनासारखी व्यवस्था दिसली नाही तर उठून दुसरीकडे जाता येते. जहाजावर मात्र प्रत्येक जेवण त्याच स्वयंपाकघरातून येणार, आणि मला काळजी वाटते ती याचीच. आरक्षणाच्या अर्जावर “विशेष आहार” असा एक चौकोन आहे. तेवढ्यावर खूण करून निश्चिंत राहता येईल का, की याखेरीज आणखी काही करावे लागते?

आपली,
मुलाच्या काळजीने विचारणारी एक सभासद


विषय: उत्तर – क्रूझ सहल – अन्नाची ॲलर्जी

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही जरूर या, पण त्या एका चौकोनावर विसंबून मात्र येऊ नका. माझ्या मुलीला दूध आणि अक्रोड यांची ॲलर्जी आहे आणि आम्ही तिला घेऊन समुद्रप्रवास करत आलो आहोत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. अर्जावरील खुणेमुळे कंपनीला फक्त एवढेच कळते की या प्रवाशाचे काहीतरी वेगळे आहे. ताटात काय येणार, हे जहाजावरची एक जबाबदार व्यक्ती रोज तुमच्याशी बोलून ठरवते, आणि ती व्यक्ती पहिल्याच दिवशी गाठणे हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे.

आधी निघण्यापूर्वीचे सांगते. बहुतेक कंपन्या आहारविषयक कळवणी प्रवासाच्या एक ते तीन महिने आधी मागतात आणि त्यामागे खरे कारण असते: धान्यसामग्री निघण्याच्या बंदरातच भरली जाते, पाककृती कंपनीच्या मुख्य कार्यालयात ठरलेल्या असतात, आणि ग्लूटेनविरहित पीठ किंवा वनस्पतिजन्य दूध भर समुद्रात विकत मिळत नाही. त्यामुळे मुदत संपण्याची वाट पाहू नये. आरक्षण ट्रॅव्हल एजंटामार्फत असले तरी कंपनीच्या विशेष गरजा पाहणाऱ्या विभागाला स्वतः ईमेल करावा आणि लेखी पोच मागून घ्यावी, कारण एजंटाकडे दिलेली माहिती जहाजापर्यंत पोहोचेलच असे नाही. त्या ईमेलमध्ये प्रत्येक व्यक्तीची माहिती स्वतंत्र लिहा. मुलाच्या बाबतीत “शेंगदाणे आणि काजू यांची तीव्र ॲलर्जी, इंजेक्शन जवळ असते” असे स्पष्ट लिहावे आणि पिस्त्याबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावे. काजूची ॲलर्जी असणाऱ्या अनेकांना पिस्ताही बाधतो, आणि मिष्टान्नांवर पिस्त्याची पूड भुरभुरण्याची पद्धत सर्वत्र आहे. सासूबाईंबद्दल “सीलिॲक” हाच शब्द वापरा, म्हणजे हा हौसेने धरलेला आहार नाही हे वाचणाऱ्याला कळेल. तुमच्याबद्दल लिहिताना मांस, मासे, अंडी आणि त्यांपासून केलेला अर्क किंवा जिलेटिन नको, असे एकेक करून सांगावे, कारण जहाजावरच्या शाकाहारी पदार्थांत अंडे बहुधा चालते असे धरलेले असते.

इथे सर्वच सभासदांना एक कळकळीची विनंती आहे. जे आवडत नाही त्याला ॲलर्जी म्हणू नका. ॲलर्जी आहे असे सांगितले की स्वयंपाकघरात भांडी, सुरी, तवा, सारे वेगळे घ्यावे लागते. आणि तोच प्रवासी तासाभराने तोच पदार्थ आनंदाने खाताना वेटरला दिसला, तर पुढच्या खऱ्या रुग्णाचे म्हणणे तो तितक्या गांभीर्याने घेत नाही. कांदा-लसूण नको असेल तर तसे सांगावे. आधी कळवले असेल तर त्याचीही सोय अनेक जहाजांवर होते.

जहाजावर पाऊल ठेवल्यावर बहुतेक प्रवासी थेट बुफेकडे जातात. तुम्ही मुख्य भोजनगृहाकडे जा आणि तिथल्या प्रमुखाला किंवा हेड वेटरला भेटा. आपली माहिती त्यांच्या यादीत आहे का ते पाहा, नसेल तर पोच दाखवा. जेवणाची ठरावीक वेळ आणि ठरावीक टेबल असा पर्याय असेल तर तोच निवडावा, कारण त्यामुळे रोज तेच वेटर भेटतात आणि दर रात्री नव्याने सारे समजावून सांगावे लागत नाही. आदल्या रात्री जेवण संपत आले की हेड वेटर दुसऱ्या दिवसाचे मेन्यूकार्ड घेऊन येतो. त्यातून आपण निवडायचे आणि स्वयंपाकघर आपल्यापुरता पदार्थ वेगळा करते. वेळ कमी असला तरी ही दहा मिनिटे टाळू नयेत. ताट समोर आल्यावर, हे कोणाचे आणि कशाशिवाय केलेले आहे, हे तोंडी विचारूनच पहिला घास घ्यावा. वेटरला याचा राग येत नाही. चांगला वेटर उलट स्वतःहून सांगतो.

विचारायचे काय, हे माहीत असणे तितकेच आवश्यक आहे. सोया सॉस बहुधा गव्हासह बनवलेला असतो. वूस्टरशायर सॉस आणि सीझर सॅलडचे ड्रेसिंग यांत अँचोव्ही मासा असतो. भाज्यांच्या सूपचा आधार कोंबडीच्या हाडांचा अर्क असू शकतो. सॅलडमधील “खेकड्याच्या” कांड्या प्रत्यक्षात माशाच्या लगद्यापासून केलेल्या असतात आणि त्यांत गहू किंवा अंडे घातलेले आढळते. पारंपरिक पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट (दूध गोठवणारे द्रव्य) वापरले जाते, मूस या मऊ मिष्टान्नात जिलेटिन असू शकते, आणि तयार पेस्टोत पाइन नट्सऐवजी स्वस्त पडतो म्हणून अनेकदा काजू घातलेला असतो. तुमच्या मुलाच्या दृष्टीने हा शेवटचा पदार्थ विशेष लक्षात ठेवा, कारण पेस्टो म्हणजे पास्त्याची निरुपद्रवी हिरवी चटणी असेच पाहणाऱ्याला वाटते.

मेन्यूकार्डावरच्या खुणा उपयोगी आहेत, पण त्यांचा अर्थ विचारून घ्यावा. अमेरिकेच्या कायद्यात ९ प्रमुख ॲलर्जीकारक अन्नघटक आहेत. त्यांतील तीळ १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. युरोपीय संघाच्या यादीत १४ घटक आहेत आणि त्यांत मोहरी व सेलरी यांचा समावेश आहे, अमेरिकेच्या यादीत ती दोन्ही नाहीत. तेव्हा ज्यांना मोहरी बाधते त्यांनी मेन्यूकार्डावर खूण नाही म्हणजे पदार्थात मोहरी नाही, असे समजू नये. ग्लूटेनचेही तसेच आहे. पाकिटबंद मालावर “ग्लूटेनविरहित” असे लिहिण्यासाठी दर किलोला २० मिलिग्रॅमची मर्यादा सर्वसाधारणपणे मानली जाते. जहाजावर शिजलेल्या पदार्थापुढची खूण मात्र अनेकदा एवढेच सांगते की पाककृतीत गहू नाही. बटाट्याचे तळलेले काप ज्या तेलात पडले, त्याच तेलात पिठात घोळवलेला मासा तळला गेला का, हे ती खूण सांगत नाही. सासूबाईंसाठी हा प्रश्न रोज विचारावा लागेल.

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहिते: कोणतीही कंपनी शंभर टक्के हमी देत नाही, तसे तिच्या अटींमध्ये लिहिलेलेही असते. ते वाचून मगच निर्णय घ्यावा.

आपली,
एका ॲलर्जीग्रस्त मुलीची आई


विषय: उत्तर – इंजेक्शन आणि जहाजावरील दवाखाना

सर्वांना नमस्कार.

वरील पत्रात आहाराविषयी सर्व काही आलेच आहे. मी डॉक्टर या नात्याने केवळ औषधापुरते लिहितो. एपिनेफ्रिनची निदान २ ऑटो-इंजेक्टर (ठरलेली मात्रा भरलेली, दाबताच टोचणारी इंजेक्शने) सोबत असावीत आणि ती मोठ्या बॅगेत ठेवू नयेत, कारण त्या बॅगा चढताना ताब्यात घेतल्या जातात आणि केबिनपर्यंत यायला कधी कधी संध्याकाळ होते. ती फ्रिजमध्येही ठेवू नयेत किंवा डेकवरच्या उन्हात राहू देऊ नयेत. साधारण २० ते २५ अंश सेल्सिअस तापमान त्यांना मानवते. मुलाचे वजन वाढले असेल तर ०.१५ मिलिग्रॅमची मात्रा अजून योग्य आहे की ०.३ ची घ्यावी, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे, आणि मुदत संपण्याची तारीखही तपासावी.

श्वास लागणे, आवाज बसणे, अंगावर गांधी उठून सोबत उलट्या होणे, चक्कर येणे, अशी लक्षणे दिसताच मांडीच्या बाहेरील बाजूस इंजेक्शन द्यावे आणि मग जहाजाचा आपत्कालीन क्रमांक फिरवावा. फोन करण्यासाठी इंजेक्शन थांबवू नये. रुग्णाला चालवत दवाखान्यात नेऊ नये, आडवे करून पाय वर ठेवावेत, श्वास लागत असेल तर बसू द्यावे. ५ ते १५ मिनिटांत सुधारणा न झाल्यास दुसरे इंजेक्शन द्यावे. ॲलर्जीच्या साध्या गोळ्या खाज कमी करतात, पण त्या एपिनेफ्रिनची जागा घेऊ शकत नाहीत.

समुद्रावरची एक विशेष अडचण लक्षात घ्या. लाटांमुळेही उलट्या होतात आणि त्यामुळे ॲलर्जीच्या उलट्या “बोट लागली” म्हणून सोडून दिल्या जाऊ शकतात. शिवाय बोट लागू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांनी गुंगी येते आणि मूल सुस्त का झाले ते कळेनासे होते. जेवणानंतर लगेच त्रास सुरू झाला तर आधी ॲलर्जीचा संशय घ्यावा.

मोठ्या जहाजांवर डॉक्टर आणि परिचारिका असतात व प्राथमिक उपचार चांगले होतात, परंतु तो दवाखाना म्हणजे रुग्णालय नव्हे. बरे वाटल्यावरही काही तासांनी लक्षणे पुन्हा उद्भवू शकतात, म्हणून तिथे देखरेखीखाली थांबावे. उपचारांचे बिल प्रवाशाच्या खात्यावर लागते. तेव्हा प्रवास विम्यात आधीपासूनचे आजार आणि जहाजावरून रुग्णालयात हलवण्याचा खर्च हे दोन्ही अंतर्भूत आहेत ना, ते पॉलिसी वाचून पाहावे.

आपला,
मंडळातील एक डॉक्टर सभासद


विषय: उत्तर – आणखी काही शंका

आदरणीय डॉक्टरकाका आणि ताई,

आपण दोघांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. नाव नोंदवण्याचे आमचे जवळपास ठरले आहे. तरी तीन गोष्टी विचारते. बुफे पूर्णपणे टाळावा का? लहान मुलांच्या क्लबमध्ये मुलाला एकटे सोडता येईल का? आणि बंदरावर उतरल्यावर जहाजाला कळवलेली ॲलर्जी बाहेरच्या सहलीतही लक्षात घेतली जाते का? शिवाय, स्वच्छता तपासणीत या जहाजाला ९० च्या वर गुण आहेत असे समजले. त्यावर कितपत विसंबावे?

आपली नम्र


विषय: उत्तर – आणखी काही शंका

ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. अमेरिकी बंदरांना येणाऱ्या जहाजांची तपासणी तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा विभाग १०० गुणांपैकी करतो आणि ८६ किंवा अधिक गुण मिळाले तर जहाज उत्तीर्ण होते. ती तपासणी पोटाच्या संसर्गजन्य रोगांना आळा घालण्यासाठी आहे. गुण चांगले असणे ही आनंदाची गोष्ट आहे, पण काजूची पूड कुठे सांडली ते त्यातून कळत नाही.

तुमच्या मुलासाठी आणि सासूबाईंसाठी बुफे टाळलेलाच बरा, असे माझे स्पष्ट मत आहे. पदार्थांवरच्या पाट्या बरोबर असल्या तरी एका भांड्यातला चिमटा दुसऱ्या भांड्यात जातो, आइस्क्रीमचा डाव सर्व चवींमध्ये फिरतो, आणि हे करणारे प्रवासी असल्यामुळे कर्मचाऱ्यांनाही ते रोखता येत नाही. जावेच लागले तर बुफे उघडताच जावे, तिथल्या शेफला बोलावून घ्यावे आणि आतून वेगळे ताट मागावे. बहुतेक ठिकाणी ते आणून देतात. दारातील सॅनिटायझरने शेंगदाण्याचे प्रथिन हातावरून जात नाही, त्यासाठी साबण आणि पाणीच लागते. म्हणून मुलाने जेवण्यापूर्वी हात धुवावेत आणि टेबल नीट पुसून घ्यावे.

मुलांच्या क्लबमध्ये नाव घालताना ॲलर्जीची माहिती पुन्हा लेखी द्यावी लागते, भोजनगृहाच्या नोंदीवर भागत नाही. तिथले कर्मचारी इंजेक्शन देतात की फक्त दवाखान्याला बोलावतात, हे प्रत्येक कंपनीत वेगळे असते; उत्तर समाधानकारक नसेल तर खाण्याचा कार्यक्रम असेल त्या वेळी मुलाला तिथे ठेवू नये. बंदरावरच्या सहली बहुधा स्थानिक कंत्राटदार चालवतात आणि जहाजाची यादी त्यांच्याकडे असेलच असे नाही, म्हणून सहल निवडतानाच त्यांना वेगळे कळवावे. पाकिटबंद, सीलबंद खाऊ जवळ असावा, परंतु फळे, मांस आणि दुधाचे पदार्थ उतरवण्यास अनेक देशांत मनाई असते, हे पाहूनच पिशवी भरावी. त्या दिवशी दोन्ही इंजेक्शने केबिनमध्ये राहता कामा नयेत.

आपली,
एका ॲलर्जीग्रस्त मुलीची आई


विषय: सहल समितीचा निर्णय

सर्व सभासदांस,

वरील पत्रव्यवहार वाचून समितीने पुढील व्यवस्था ठरवली आहे. नोंदणीच्या अर्जातील “विशेष आहार” हा चौकोन काढून त्याऐवजी प्रत्येक प्रवाशासाठी स्वतंत्र रकाना दिला जाईल आणि त्यात वैद्यकीय ॲलर्जी, वैद्यकीय पथ्य आणि आवडीने किंवा श्रद्धेने पाळलेला आहार या तीन बाबी वेगवेगळ्या लिहाव्यात. ही माहिती केवळ समितीतील एका व्यक्तीकडे राहील आणि त्या-त्या सभासदाच्या संमतीनेच कंपनीकडे पाठवली जाईल. आलेली लेखी पोच संबंधितांना पाठवण्यात येईल. कंपनीच्या मुदतीच्या दोन आठवडे आधी आमची मुदत संपेल.

ठरावीक वेळेची टेबले मागवली आहेत. ज्यांना ॲलर्जी आहे त्या कुटुंबांना शक्यतो एकाच हेड वेटरकडील लगतची टेबले द्यावीत, अशी विनंती कंपनीला केली आहे. जहाजावरच्या आपल्या संध्याकाळच्या कार्यक्रमात कोणीही घरचा किंवा सुटा खाऊ वाटू नये. लहान मुलांना काहीही देण्यापूर्वी त्यांच्या आईवडिलांना विचारावे. इंजेक्शन देण्याचा सराव डॉक्टरसाहेब निघण्यापूर्वीच्या बैठकीत औषध नसलेल्या सराव-इंजेक्टरवर करून घेणार आहेत, तरी टेबलावर सोबत बसणाऱ्या सर्वांनी त्या बैठकीस उपस्थित राहावे.

आपली,
सहल समिती