बाळंतपणात तुम्हाला कुणी विचारलं का? अनुभव इथे लिहा

आपल्याकडे बाळंतपणाची चौकशी दोन प्रश्नांत आटोपते. मुलगा की मुलगी, आणि नॉर्मल की सिझर. त्या बाईला काय हवं होतं, आत नेल्यावर तिच्याशी कोण काय बोललं, हे विचारायचं राहूनच जातं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या खासगी दवाखान्यांत 47.4 टक्के बाळंतपणं सिझरने झाली, सरकारी दवाखान्यांत 14.3 टक्के. निव्वळ बायकांच्या शरीरांत एवढा फरक असू शकत नाही. दुसरीकडे, वेळेवर सिझर न मिळाल्यामुळे याच देशात आजही बायका जातात. म्हणून इथे कुठल्याही एका बाजूचा प्रचार नको, स्वतःचं किंवा घरातलं जे घडलं ते लिहा. दवाखान्याचं, डॉक्टरांचं नाव टाळा.

पुणे

पहिल्या वेळी तारीख उलटली म्हणून कळांचं सलाईन लावलं. दुपारी ‘बाळाचे ठोके कमी होतायत’ म्हणून सहीचा कागद आला आणि सही नवऱ्याची घेतली. मी पूर्ण शुद्धीवर होते. मला कुणी तो कागद वाचूनही दाखवला नाही. सिझरची गरज असेलही, ते मी आजही नाकारत नाही. पण पोट माझं होतं.

दुसऱ्या खेपेला बहुतेकांनी ‘एकदा सिझर म्हणजे पुन्हा सिझर’ असंच सांगितलं. शेवटी भेटलेल्या डॉक्टरबाईंनी जुन्या ऑपरेशनचे कागद मागवले, गर्भाशयावरचा छेद खाली आडवा आहे याची खात्री केली आणि सरळ आकडे सांगितले. प्रयत्न करणाऱ्या चार जणींतल्या साधारण तिघी नॉर्मल बाळंत होतात. कळा आपणहून आल्या तर जुना व्रण फाटण्याचा धोका साधारण दोनशेत एक, पण फाटला तर हातात मिनिटंच असतात, त्यामुळे रक्त, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर तयार असेल तरच करायचं. कळांच्या वेळी ठोक्यांचा पट्टा पोटावर सतत होता, मनासारखं फिरता आलं नाही. पण दर वेळी हात लावण्याआधी ‘तपासू का?’ असं विचारत होत्या. लेक नॉर्मल झाली. सिझर करावं लागलं असतं तरी त्यांच्याबद्दल मी हेच लिहिलं असतं.

सातारा जिल्हा (आजी सांगते तसं लिहितेय)

माझी समदी पोरं घरातच झाली. सुईण आमच्याच आळीतली. आली की आधी पाणी तापवायला लावायची, मग मला म्हणायची, फिर, उठबस कर. आढ्याला दोर बांधायची, त्याला धरून उकिडवं बसून पोरं झाली. मला कुणी आडवं पाडलं न्हाई, कुणी वरडलं न्हाई. पाठीवरनं तिचा हात फिरायचा तो अजून याद हाय. पण माझ्या धाकट्या जावेची वार पडंना. अंगावरनं जात राहिलं. गाडी जुपली, तालुक्याला पोचायच्या आत ती गेली. लेकरू जगलं, माझ्याच अंगावर प्यालं. आताच्या पोरी घरी बाळंत व्हायचं म्हणत्यात, तर मी इतकंच इचारते, गाडी दारात हाय का?

उट्रेख्त, नेदरलँड्स

आजींच्या प्रश्नाचं उत्तर इथल्या पद्धतीत आहे. इथे धोका नसलेली गरोदर बाई मिडवाइफकडेच, म्हणजे शिकलेल्या सुईणीकडेच, तपासायला जाते, आणि घरी बाळंत होणं सर्वसाधारण विम्यातच बसतं. घरी चादरी-गॉझचं खोकं येतं, पलंग ठोकळ्यांवर उंच करून ठेवावा लागतो म्हणजे मिडवाइफला वाकावं लागत नाही. पण दवाखाना जवळ हवा, आणि काही बिघडलं की न्यायचं हे आधीच ठरलेलं असतं. माझा मुलगा घरी झाला. नंतर आठवडाभर रोज नर्स घरी येत होती. नाशिकहून आलेली माझी आई तिला डिंकाचे लाडू खाऊ घालायची. धाकटीच्या वेळी पाणी गेलं ते हिरवट, म्हणजे बाळाने पोटातच शी केलेली. मिडवाइफने लगेच दवाखान्यात हलवलं. मला हरल्यासारखं वाटलं नाही, कारण ती शेवटपर्यंत माझ्याशी बोलत होती.

लीड्स, इंग्लंड

मी पहिलटकरीण होते. मिडवाइफने 2011 च्या मोठ्या अभ्यासाचे आकडे दाखवले. पहिलटकरणींनी घरी बाळंत व्हायचं ठरवलं असेल तर बाळाला गंभीर त्रास होण्याचं प्रमाण हजारी 9.3, दवाखान्यात 5.3. आधी मूल झालेल्यांत असा फरक दिसला नाही. म्हणून मी दवाखान्याला लागून असलेलं मिडवाइफ युनिट निवडलं. बराच वेळ कोमट पाण्याच्या टबात होते.

मुंबई

मी एपिड्युरल, म्हणजे कळांसाठी पाठीतून देतात ती भूल, मागून घेतलं. सासूबाई अजून पाहुण्यांना सांगतात, ‘हिला कळा सोसल्या नाहीत.’ नाही सोसल्या. दाढ काढताना भूल घेतली म्हणून कुणी बोल लावत नाही. मला माझ्या मुलाचा पहिला टाहो नीट आठवतो, आणि तो मला तसाच हवा होता.

गडचिरोली, सरकारी दवाखान्यातली सिस्टर

आमच्याकडे घरचं बाळंतपण ही बहुतेकदा निवड नसते, नाल्याला पूर आलेला असतो. म्हणून आरोग्य केंद्राशेजारी माहेरघर आहे, दिवस भरत आले की बाईने तिथे येऊन राहायचं. येतात, पण घरची गुरं-पोरं कोण बघणार म्हणून परतही जातात. बाळ बाहेर आल्याबरोबर मांडीत ऑक्सिटोसिनचं, म्हणजे जास्त रक्त जाऊ नये म्हणूनचं, 10 युनिटचं इंजेक्शन देतो. वरच्या आजींच्या जावेसारख्या कित्येक जणी त्याने वाचतात.

आता आमच्याच बाजूचं बोलते. लेबर रूममध्ये बायकांवर ओरडणं, पोटावर जोर देणं, न सांगता खाली कात्री लावणं हे चालतं, मी डोळ्यांनी पाहिलंय. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की सरसकट छेद देऊ नका, पोटावर दाबू नका, बाईला हवं त्या स्थितीत राहू द्या. सोबतीला घरची एक बाई आत घ्यायला सरकारी दवाखान्यांत 2016 पासून परवानगी आहे. आम्ही घेतो. आई किंवा बहीण जवळ असली की बाई कमी घाबरते, आणि खरं सांगायचं तर आमचाही आवाज खाली येतो.

कोल्हापूर

मला आठवा चालू आहे. सिस्टरचं लिहिलेलं नवऱ्याला वाचून दाखवलं. पुढच्या तपासणीला विचारायचं वहीत लिहून ठेवलंय: रात्री भूलतज्ज्ञ असतो का, रक्त कुठून येतं, सही माझी घेणार का, आई आत येऊ शकते का. आमच्या भागातल्या खासगी दवाखान्यांत कुणाला सोबतीण आत नेऊ दिली असेल तर सांगा, काय म्हणून विचारलंत तेही लिहा.