पायथन: डेटच्या सबक्लासमध्ये दिवस मिळवले की शेताचं नाव गायब. मदत हवी आहे

मंडळी, रावेरकडच्या केळीच्या बागांसाठी छोटा प्रोग्राम लिहितोय. कुठल्या शेतात लागवड कधी, खत कधी सोडायचं, बाग कधी निसवेल (घड बाहेर पडतील), कापणी कधी धरायची, एवढंच.

डेट या पायथनच्या तारखेच्या क्लासवरून 'लागवड' नावाचा सबक्लास केलाय. ऑब्जेक्ट बनवणाऱ्या न्यू मेथडमध्ये वर्ष, महिना, दिवस आणि पुढे 'शेत', डिफॉल्ट नन (म्हणजे रिकामं). १५ जून २०२४, शेत 'नाल्याकाठचं'. यात ३०० दिवसांचा टाइमडेल्टा (कालावधी) मिळवला की तारीख ११ एप्रिल २०२५ बरोबर येते, टाइपही 'लागवड'च, पण शेत नन! शेडवरच्या जुन्या पीसीवर (विंडोज ७, पायथन ३.६) तोच कोड उत्तरात साधा डेट देतो आणि शेत मागितलं की अ‍ॅट्रिब्यूट एरर. दोन मशीन, दोन तऱ्हा. अ‍ॅड मेथड (बेरीज करणारी) स्वतः लिहू का?

प्रतिसाद १
भाऊ, ३.८ पासून बदललंय ते. आधी बेरजेत मूळ डेटच परत यायचा, आता सबक्लास येतो. पण तो बनवताना पायथन तुमच्या क्लासला फक्त वर्ष, महिना, दिवस देतो. शेत त्याला कुठून माहीत? विंडोज ७ वर ३.८ चालतं, पण ते टाकून एरर घालवू नका. नाव गुपचूप हरवण्यापेक्षा एरर परवडला. शेतचा डिफॉल्टही काढून टाका, मग नव्या मशीनवरसुद्धा बेरजेलाच टाइप एरर येईल.

अ‍ॅड लिहिली तर आरअ‍ॅडही लिहावी लागेल, कारण कोणी टाइमडेल्टा डावीकडे ठेवला की ती चालते. वजाबाकीची वेगळी. पिकल (ऑब्जेक्ट फाइलीत साठवणं) किंवा कॉपी करायला गेलात तर तिथे न्यूला तीन आकडे नाही, चार बाइटचा एकच तुकडा मिळतो. तुमची न्यू तिथेच आडवी होईल. इतकं कशाला? साधा क्लास करा, त्यात 'तारीख' आणि 'शेत' असे दोन फील्ड. बेरीज फक्त तारखेवर.

धागाकर्ता
पटलं भो. पण बागांची यादी थेट सॉर्ट करत होतो, ते जाईल ना?

प्रतिसाद १
सॉर्टला 'की' (कशावरून लावायचं ते) म्हणून तारीख द्या. एका ओळीचं काम आहे.