सरप्राइज पोर्ट्रेट: ज्यांचं चित्र, त्यांनाच पत्ता नाही

चित्रवेडी:
नमस्कार मंडळी, जरा अडलेय.

एका बाईंनी त्यांच्या नवऱ्याचं पोर्ट्रेट करायला सांगितलंय. ते पाच आठवड्यांनी निवृत्त होताहेत, त्या दिवशी द्यायचंय, आणि तोवर त्यांना अजिबात सुगावा लागता कामा नये. म्हणजे समोर बसवणं बाद. मी तर त्यांना पाहिलेलंही नाही. आजवर जेवढी व्यक्तिचित्रं केली, ती समोर बसवून, गप्पा मारत केली. बोलता बोलता माणसाची एक भुवई वर जाते ना, तेवढ्यावर माझं अर्धं काम होतं.

हातात सहा फोटो आहेत, व्हॉट्सॲपवरून आलेले. एकात गॉगल. दोन कुठल्याशा समारंभातले, फ्लॅशमुळे चेहरा पाटासारखा सपाट. एकात उजेड सुरेख आहे, पण त्यात मिशी आहे, आणि मिशी काढून तीन वर्षं झाली. उरल्या दोन सेल्फी. आता गंमत बघा. समारंभाच्या फोटोंत तीळ उजव्या गालावर, सेल्फींत डाव्या. भांगही उलटा. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "थांबा, ते झोपले की बघून सांगते!"

कॅनव्हास १६ बाय २० इंच. ऑइलच करायचंय, पण पाच आठवड्यांत वाळेल का? शिवाय "दहा वर्षांनी तरुण दाखवा" अशीही मागणी आहे. ते कसं निभावू?

कोळसा:
बाईंना जागरण करायला लावू नका. बरेच फोन सेल्फी आरशातल्यासारखी उलटी साठवतात. शर्टाचा खिसा बघा. तो बहुतेक घालणाऱ्याच्या डाव्या बाजूला असतो. नाहीतर मागे एखादी पाटी असेल तर तिची अक्षरं बघा. तीळ उजव्याच गालावर असणार.

पण सेल्फीवरून मापं घेऊ नका. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक फुगतं आणि कान मागे पळतात. तुम्ही इमानेइतबारे रेघन्‌रेघ उतरवाल आणि माणूस भलताच निघेल. सहाही फोटो बाजूला ठेवा आणि बाईंकडून एक नवा काढून घ्या. खिडकीशेजारी, उजेड एका बाजूने, फ्लॅश बंद. सहा-सात फुटांवर उभं राहून थोडं झूम करायचं, फोन त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर. हातात किंवा शेजारी पांढरा कागद असला तर उत्तम, फोनने रंग पिवळ्याकडे ढकललाय की निळ्याकडे ते कागद सांगतो. आणि फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर व्हॉट्सॲप त्याचा चुरा करतं.

चष्मा आहे का? असल्यास नंबर विचारा. उणे नंबर असेल तर काचेतून दिसणारी गालाची कड आत सरकते, डोळेही लहान दिसतात. ती सरकलेली कड नेमकी आली की चष्मा चेहऱ्यावर बसतो, नाहीतर नुसता वरून काढल्यासारखा दिसतो.

पातळथर:
वाळण्याबद्दल. पाच आठवडे पुरतात, थर पातळ ठेवले तर. खालचं काम बर्न्ट अंबरमध्ये, म्हणजे त्या गडद तपकिरी रंगात, टर्पेंटाइनने पातळ करून उरका. अंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळे तो लवकर सुकतो. वर अल्किड मिडियम (रंग लवकर सुकावा म्हणून त्यात मिसळतात ते) वापरा, साधारण दिवसाभरात हाताला लागेनासं होतं. टायटॅनियम व्हाइट आणि आयव्हरी ब्लॅक सावकाश सुकतात, म्हणून कपाळावरच्या उजेडाचा जाड फटकारा शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. जवसाचं तेल खालच्या थरात कमी, वरच्या थरात जास्त. उलटं केलंत तर पुढे तडे.

व्हार्निशची घाई नको, किमान सहा महिने जाऊ द्या. बाईंना हे आत्ताच सांगून ठेवा. आणि बांधताना बबल रॅप थेट रंगावर नको! मी एकदा एका आजोबांच्या कपाळावर गोल गोल ठसे उमटवून ठेवलेत. आधी तेलकागद.

मधेचबोलतो:
तरुण दाखवण्याबद्दल माझं मत: दाखवू नका, पण बाईंना तसं तोंडावर सांगूही नका. सुरकुत्या पुसल्या की चेहरा मेणाचा होतो. त्यापेक्षा डोळ्यांखालची सावली अर्ध्या टोनने उजळ करा, नाकापासून ओठाकडे येणारी घडी रेघ म्हणून ओढू नका (ती रेघ नसतेच, तिथे गाल वळतो), आणि कडा मऊ ठेवा. एवढ्यात पाच वर्षं सहज उतरतात. उरलेली पाच बाई स्वतःच बघून घेतील.

समोर बसवणं म्हणजे हमी असंही नाही. चर्चिलच्या ८० व्या वाढदिवसाला, १९५४ साली, ब्रिटिश संसदेने ग्रॅहम सदरलँडकडून त्याचं पोर्ट्रेट करून दिलं. चर्चिल त्यासाठी रीतसर बसलासुद्धा होता. तरी त्याला ते मुळीच आवडलं नाही, आणि पुढे त्याच्या घरच्यांनी ते चक्क नष्ट केलं.

एक व्यवहाराची गोष्ट. चारकोलचं कच्चं रेखाटन फक्त बाईंनाच दाखवा. मी एकदा चौघा भावंडांना दाखवलं. एकाच्या मते नाक लांब, दुसऱ्याच्या मते आखूड, तिसरीला वडील रागावलेले वाटले, आणि चौथ्याने नुसता अंगठा पाठवला. तीन आठवडे मी नाकावर होतो.

चित्रवेडी:
सगळ्यांचे आभार. तीळ उजवाच निघाला, खिशावरून कळलं.

बाईंनी फोटो काढला. "नवीन फोनचा कॅमेरा बघतेय" अशी थाप मारून, ते काहीतरी वाचत असताना. सहाही जुन्या फोटोंत हनुवटी वर आणि ओठ आवळलेले होते, कॅमेऱ्यासमोर होतो तसा चेहरा. या फोटोत मान किंचित डावीकडे कलली आहे, चष्मा नाकावर घसरलाय आणि खालचा ओठ जरा पुढे आलाय. बाईंना विचारलं, वाचताना ओठ असाच असतो का? त्या हसल्या, म्हणाल्या, "असा ओठ काढला की समजायचं, आता हाक मारून उपयोग नाही." मग तोच ओठ धरून बसले. चष्मा उणे साडेचार. कड किती आत सरकते हे फोटोत स्पष्ट दिसत होतं, तरी हात तीनदा गालाची रेघ सरळ ओढायला गेला.

चित्रवेडी:
दोन महिन्यांनी कळवतेय, राहूनच गेलं होतं. चित्र वेळेवर गेलं, तेलकागदात. ते बराच वेळ बघत राहिले म्हणे, आणि मग बायकोकडे वळून म्हणाले, "फोन नवीन नव्हताच तर." तरुण दाखवण्याचा विषय बाईंनी परत काढला नाही, मीही नाही.

माझं विचाराल तर चष्म्याच्या दांडीवरचा पांढरा ठिपका जरा जास्तच चमकलाय. सगळ्यात आधी नजर तिथेच जाते. व्हार्निशसाठी चित्र माझ्याकडे परत येणार आहे. @पातळथर, त्याआधी तेवढा ठिपका दाबला तर चालेल ना, की मग त्यावर पुन्हा सहा महिने थांबायचं?

पातळथर:
दाबा. पण पातळ लावा, आणि तेवढ्यापुरतं थांबाच.